कोंड्यातला आवाज

मास्तरीणबाईंकडे तबकडी आणायला गेलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, आणि मला काळजी होती ती फक्त माझ्या गुडघ्याची. तिसरा मजला, लिफ्ट बंद. बाई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, वय ऐंशीच्या पुढे. दार उघडून त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं, उशिरा आलेल्या पोराला न्याहाळावं तसं.

"तबकडीवाले तुम्हीच ना? आधी हात धुऊन या. मग बोलू."

हात धुवायला लावणारं गिऱ्हाईक मला लगेच आवडतं. तबकडीही कपाटात नीट उभी ठेवलेली होती, म्हणजे घरात कुणीतरी जाणकार होऊन गेलं होतं. ते म्हणजे बाईंचे वडील. आपल्या काळातले फार मोठे टेनर. ऑपेरात पुरुषाचा जो उंच पट्टीतला आवाज असतो, तो टेनर. नायकाचं काम बहुधा त्याच्याच वाट्याला येतं, आणि शेवटच्या अंकात मरायचं कामही. या माणसाच्या नावावर थिएटरं भरायची म्हणे, पण रेकॉर्डिंगचा त्याला भारी तिटकारा. उभ्या जन्मात एकच तबकडी होऊ दिली त्याने. तीही घरातच, मुलीच्या सातव्या वाढदिवसाला, मित्राने आणलेल्या यंत्रावर.

"त्या दिवशी एकदा वाजवली," बाई म्हणाल्या. "वर्षाच्या आत बाबा गेले. मग आईला ऐकवेना, म्हणून कुणीच वाजवली नाही. आता मला ऐकायचीय, कान आहेत तोवर. उजवा गेलाच आहे, डावाही सामानाची बांधाबांध करतोय."

"शुक्रवारी या," मी म्हणालो.

तबकडी छातीशी धरून मी जिना उतरलो. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने दुसऱ्याचा बाप.

माझी खोली एका इमारतीच्या तळघरात आहे. भिंतींना जाड अस्तर, खिडकी एकही नाही, दार लावलं की आपल्याच कानातलं रक्त ऐकू येतं. दिवस काय नि रात्र काय, तिथे सगळं सारखंच. तीस वर्षं मी या खोलीत मेलेल्या टेनरांचे आवाज धुतोय. गेली दोन वर्षं एकटा. त्याआधी आम्ही दोघं होतो.

माझी बायको गाणारी नव्हती, पण कान असे की मी तिला कानसेनच म्हणायचो. जुन्या तबकडीवर गती मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे अशी छापलेली असते, पण गाणं भरलेलं असतं शहात्तरवर, कधी त्र्याहत्तरवर. छापलेल्या गतीवर विसंबलात की धिप्पाड माणूस शेळीसारखा बें बें करायला लागतो. ती नुसतं ऐकून सांगायची, "अहो, जरा हळू करा. हा गातोय का गाडी पकडायला पळतोय?" आणि मी गती उतरवली की खरोखर खोलीत एक माणूस येऊन उभा राहायचा, पोट, छाती, सगळ्यासकट.

प्रत्येक तबकडीची सुरुवात तिच्या आवाजाने व्हायची. यंत्रात कुठलं गाणं कुठल्या तबकडीचं हे कळावं म्हणून मी सुई ठेवण्याआधी ती कोपऱ्यातल्या माइकवर नंबर, गती, सुईची जाडी सांगायची, "तबकडी चारशे बारा. बाजू पहिली. गती शहात्तर. सुई तीन. वाजवा." दर वेळी त्याच क्रमाने. निलगिरीची गोळी गालात धरून.

आणि मी ते कापून टाकायचो. लोकांना टेनर हवा असतो, टेनरवाल्याची बायको नाही. संगणकाच्या पडद्यावर आवाजाची नक्षी उमटते. तिच्या सांगण्याचे पाच उंचवटे दिसायचे, ते मी कातरायचो, न ऐकताच. या धंद्यात मुरलेली माणसं कानांऐवजी डोळ्यांनी कापायला लागतात. मूळ प्रती जागा अडवतात म्हणून त्याही पुसायचो. चार हजार दोनशे अकरा तबकड्या आम्ही केल्या. ती गेल्यावर शोधायला बसलो, तर तिचा आवाज कुठेच नव्हता. माझ्या टापटिपीने तिला चार हजार दोनशे अकरा वेळा पुसलं होतं.

शेवटच्या तबकडीचं मात्र मला आठवतं. त्या दिवशी पडद्यावर पाच उंचवट्यांच्या जागी जास्त होते. सुई तीननंतर ती काहीतरी लांबलचक बोलली होती. माझ्या कानांवर हेडफोन, सगळं लक्ष सुईवर. संध्याकाळी तेही कापलं, ऐकायची तसदी न घेता. पहाटे ती उठलीच नाही. मेंदूत रक्तस्राव. डॉक्टरांनी विचारलं, "आदल्या दिवशी काही तक्रार केली होती का?" मी म्हणालो, नाही. काहीच बोलली नाही.

दोन वर्षं ते वाक्य मला खातंय. 'दिवा घालवा' असेल, 'आज लवकर निघू' असेल. असेलही. पण ते मला माहीत नाही, आणि जगात कुणालाच माहीत नाही.

तर, बाईंची तबकडी. अॅल्युमिनियमवर लाखेसारखा थर दिलेली, घरगुती. असा थर वय झालं की भिंतीच्या रंगासारखा सुटतो. मी बोटाने न दाबताही तो करकरला. एरंडेलासारखा जुनाट वास खोलीत पसरला. अशी तबकडी एकदाच वाजते, त्यातच आवाज टिपून घ्यायचा. मी श्वास रोखून सुई ठेवली. पुढे सूर उमटत होते आणि मागे सुईबरोबर काळी टरफलं निघत होती. साडेतीन मिनिटांनी तबकडीची पाटी कोरी झाली.

पण टिपलं गेलं होतं. आणि काय गायला होता तो! हातात एवढी ताकद असलेला माणूस बाळाला उचलताना जपतो ना, तसा तो वरच्या सुराला हात घालत होता. धडक नाही, किंचाळी नाही. आधी एक श्वास, मग सूर असा यायचा की जणू आधीपासून तिथेच होता. अशा टेनरांसाठीच मी या धंद्यात पडलो. मी एकटाच बसून "वा" म्हणालो, आणि सवयीने कोपऱ्याकडे पाहिलं.

मग खरखर काढायला घेतली. खरखर काढली की काढलेला भाग वेगळा ऐकायचा असा आमचा नियम. त्याला आम्ही कोंडा म्हणायचो. "कोंड्याबरोबर दाणे तर नाही ना गेले, बघा," असं ती म्हणायची. कोंड्यात गाण्याचा अंश ऐकू आला तर चाळणी फार बारीक झाली, हात आवरायचा.

मी कोंडा लावला. सूं सूं, चट् चट्. आणि त्याच्या तळाशी...

"तबकडी एक. बाजू पहिली. गती शहात्तर. सुई तीन. वाजवा."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

ही तबकडी भरली गेली तेव्हा माझी बायको जन्मालाही आली नव्हती.

मूळ प्रत ऐकली. त्यात फक्त टेनर. पुन्हा कोंडा लावला, तर आता नुसती सूं सूं. मग मी ते केलं जे शिकाऊ माणसाने केलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं. चाळणी आणखी बारीक केली. नवा कोंडा निघाला. त्यात थोडा टेनर होता, आणि ती होती, जरा जवळ.

"तबकडी नऊशे चाळीस. बाजू दुसरी..."

"ऐकतेस का?" मी म्हणालो. अस्तराच्या भिंतींनी शब्द गिळला. "अगं... दुसरं काहीतरी बोल ना..."

"गती चौऱ्याहत्तर. सुई दोन. वाजवा."

तिच्याकडे दुसरं काही नव्हतंच. मी जे कापलं होतं तेवढीच ती उरली होती. पण क्रमाने पुढे जात होती, आणि पुढे कुठे जायचं हे मला ठाऊक होतं. चार हजार दोनशे अकरा. तिथे ते वाक्य होतं.

तिसऱ्यांदा दोन हजार तीनशे अठरा. चौथ्यांदा तीन हजार सातशे दोन. खोलीत निलगिरीचा वास इतका दाटला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. निलगिरीनेच, असं मी म्हणेन. पाचवी खेप, आणि झालं असतं.

हात बटणावर असताना सहज मूळ प्रतीकडे नजर गेली. तिला मी स्पर्शही केला नव्हता. तरी तिच्या नक्षीत जिथे डोंगर होते तिथे टेकाडं उरली होती. लावून पाहिली. टेनर शेजारच्या खोलीत जाऊन गात होता. खबरदारी म्हणून कपाटात ठेवलेली दुसरी प्रत काढली. तीही तशीच. तबकडी तर कोरी. म्हणजे मी तिला जितकं जवळ ओढत होतो, तितका तो दूर चालला होता. आणखी एक खेप त्याला सोसली नसती.

एका बाजूला माझं एक वाक्य, दुसऱ्या बाजूला एका म्हातारीचा बाप, जो तिने सातव्या वर्षी एकदा ऐकला होता. हिशेब सोपा होता, असं तुम्ही म्हणाल. तुमची बायको त्या हेडफोनमध्ये नव्हती.

शेवटी मी बटणावरून हात काढला. मोठेपणा नको द्यायला. निम्मी तर भीतीच होती, की वाक्य खरंच ऐकू येईल.

"माफ कर," मी कोपऱ्याकडे बघून म्हणालो, आणि दिवा मालवला. त्या अंधारात मी ती गेल्यावरही रडलो नसेन इतका रडलो.

शुक्रवारी बाई आल्या. इस्त्रीची साडी, हातात रुमाल, परीक्षेला बसल्यासारख्या ताठ. मी त्यांना मूळ प्रतच ऐकवायची ठरवलं होतं. खरखरीसकट, एकही कण न काढता. हेडफोनचा एकच जोड होता, तो त्यांच्या कानांवर चढवला आणि आवाज डाव्या कानाकडे वळवला.

"आवाज थोडा लांबून येईल," मी म्हणालो. "माझ्याकडूनच तसं झालं. रागवा हवं तर."

"लावा हो," बाई म्हणाल्या.

मी लावलं. बाई डोळे मिटून बसल्या. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ही बाई कोण?" त्या म्हणाल्या. ऐकू कमी येणारी माणसं हेडफोन लावून बोलतात तशा, मोठ्याने. "नंबर सांगतेय. चार हजार दोनशे अकरा."

मी काही बोललो असतो तरी त्यांना ऐकू गेलं नसतं. बाईंनी बोट वर केलं आणि वर्गात शुद्धलेखन घालावं तसं एकेक शब्द सुटा करून म्हणायला लागल्या.

"बाजू पहिली. गती शहात्तर. सुई तीन. ... अहो, माझा डावा हात... जड झालाय हो. उचलतच नाहीये. जरा... इकडे येता का?"

मी खुर्चीची कड धरली.

"आता एक पुरुष बोलतोय," बाई म्हणाल्या. "म्हणतोय, 'हं, झालं की बघतो.'" त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "आवाज अगदी तुमच्यासारखा आहे."

आणि लगेच त्यांचा चेहरा बदलला. गाणं सुरू झालं असणार. ओठ थरथरले, रुमाल तोंडाशी गेला. "बाबा," त्या म्हणाल्या, आणि सात वर्षांच्या झाल्या. साडेतीन मिनिटं त्या हसत होत्या, रडत होत्या, हाताने हवेत ठेका धरत होत्या. साडेतीन मिनिटं मी त्यांच्यासमोर बसलो होतो. मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पण मी तेच म्हणालो असणार. मी नेहमी तेच म्हणायचो. आणि काम झाल्यावर मी बघितलं नाही.

पडद्यावरची रेघ शेवटाला जाऊन थांबली. यंत्राचा दिवा विझला. बाईंचे हेडफोन उतरवायला मी पुढे झालो, तर त्यांनी तळहात दाखवून मला अडवलं.

"थांबा," त्या हळूच म्हणाल्या. "ती बाई अजून आहे..."

"संपलंय बाई," मी हेडफोनची वायर यंत्रातून उपसली आणि त्यांना दाखवली. "बघा. काहीच चालू नाहीये."

बाईंनी वायरीकडे पाहिलं. हेडफोन त्यांनी दोन्ही हातांनी डाव्या कानावर घट्ट दाबून धरले होते.

"विचारतेय, 'अहो, झालं का?'" त्या म्हणाल्या. "मघापासून तेच विचारतेय बिचारी. उत्तर द्या ना तिला."