पाठमोऱ्या खुर्च्या

धरणगावच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये रविवारी दुपारी रॉक बँड वाजायचे, हे आज कोणाला सांगितलं तर हसतात. हसू देत. जळगाव-धुळ्याची पोरं गिटारी घेऊन यायची, एकदा तर नाशिकहून आली होती. वर तापलेले पत्रे, आढ्याला लोंबणारा जुना कापूस, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मुरमुऱ्यांचा भत्ता खात बसलेली गर्दी. मी ड्रम वाजवायचो. आता नरडाण्याला कारखान्यात मशिनं दुरुस्त करतो. भलतंसलतं ऐकू येणाऱ्यांतला मी नाही.

आमच्या लोकांची एक रीत होती. बँड पसंत पडला नाही तर शिव्या नाहीत, चपला नाहीत. सगळे उठायचे, खुर्च्या फिरवायचे आणि बँडकडे पाठ करून बसायचे. मग गाणं संपेपर्यंत गप्पा आणि खिदळणं. चाळीसगावच्या एका गायकाला मी तिथे ढसाढसा रडताना पाहिलंय. खरं सांगायचं तर बघायला मजा आली होती.

आमचा गायक होता भूषण. त्या रविवारी त्याच्या वडिलांनी बजावलं होतं, आज लोकांनी डोक्यावर घेतलं तर खुशाल पुण्याला जा, नाहीतर उद्यापासून बोदवडला मामाच्या दुकानात बस. त्याच्या आई, प्रमिलाबाई, मुद्दाम पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या.

दुसऱ्याच गाण्यात भूषणचा आवाज फाटला. मागे कोणीतरी खुर्ची ओढली. मग सगळ्यांनीच ओढल्या. एकट्या प्रमिलाबाई तेवढ्या आमच्याकडे तोंड करून राहिल्या.

पण या वेळी गप्पा झाल्या नाहीत. कोणी हसलंही नाही. लोक मागच्या भिंतीकडे बघत बसले. त्या भिंतीला दार नाही, खिडकी नाही, नुसत्या विटा.

मग त्यांचे पाय हलू लागले. मला वाटलं, चला, जमलं. पण पाय माझ्या ठेक्यावर नव्हते. मी मुद्दाम हात थांबवले. पाय चालूच राहिले.

टाळ्या पडल्या. कोणीतरी भिंतीकडे बघून "वन्स मोअर!" ओरडलं.

"कोनले देखी राहिनात हे?" भूषण पांढराफटक पडला होता.

"जाऊ नकोस," मी म्हटलं. मला भीती वाटत होती.

त्याने स्टेजवरून उडी मारली. खुर्च्यांमधून वाट काढत तो भिंतीपुढे जाऊन उभा राहिला आणि हात पसरून ओरडला, "इकडे पाहा ना!"

सगळ्यांनी माना वाकड्या केल्या. मधे आलेल्या माणसाच्या आडून बघतात, तशा.

"ए, बाजूला हो!"

भूषण भिंतीकडे वळला. कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

मग एक रिकामी खुर्ची ओढून बसला.

त्याचा पाय हलू लागला.

लोक बाहेर पडले ते खुशीत. म्हणाले, दुसरा बँड भारी होता. काय वाजवलं, ते कोणालाच सांगता येईना. भूषणला आम्ही खुर्चीसकट उचलून घरी आणलं.

परवा त्याच्या घरी गेलो. अजून तो स्वयंपाकघराच्या भिंतीकडे तोंड करून बसतो. दाढी पिकलीय, चेहऱ्यावर हसू. मला त्याचा भयंकर राग आला.

"कोण गातंय रे एवढं?" मी विचारलं.

"कोन शे, ठाऊक नही. पन मनापेक्षा भारी गास," तो भिंतीवरची नजर न काढता म्हणाला. "फक्त डरमवाला नही शे तेस्नाकडे. तुनी वाट देखी राहिनात, कुंदन."

मी उठलो. प्रमिलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, सख्ख्या मुलाच्या फिरवावा तसा.

"एकदाव वाजाडी दे ना, भाऊ. तू तठे गया म्हंजे मना पोऱ्या उठी जाई."

त्यांनी दाराला आतून कडी घातली. मग पदर खोचला आणि भिंतीलगतचे पिठाचे डबे एकेक करून बाजूला सरकवू लागल्या, ड्रम मावेल एवढी जागा होईपर्यंत.