फक्त कप्तानानं बोलायचं

अनसिंगच्या मैदानावर रेफरीला शिट्टीपेक्षा कानात घालायला कापूस जास्त लागतो. एक फाऊल दिला की अकराच्या अकरा अंगावर येतात, मागून त्यांचे काके-मामेही दोरी ओलांडतात. मी शाळेत पीटी शिकवतो, आठवडाभर आरडाओरडाच ऐकतो, आणि रविवारीही तेच? वीट आला होता नुसता.

युरोपातल्या फुटबॉल सामन्यांत आता नवा नियम आलाय. रेफरीशी फक्त कप्तानानं बोलायचं. दुसरा कोणी वाद घालायला आला की पिवळं कार्ड. मोबाइलवर ते बघितलं आणि जीव थंड झाला. कमिटीशी भांडून यंदाच्या स्पर्धेत मी तो लागू करून घेतला.

फायनलला पोहरादेवीकडच्या तांड्याची टीम आली. बघतो तर दहाच जण. कप्तान कोण विचारलं, तर त्यांच्यातला उदयसिंग म्हणाला, फुलसिंग. फुलसिंग त्याचा मोठा भाऊ. पावसाळ्यात मोटारपंपाचा करंट लागून गेला. मी स्वतः मातीला जाऊन आलो होतो. हा कप तांड्यात न्यायचा, हा त्याचाच ध्यास होता. म्हणून मी समजुतीनं सांगितलं, कप्तानाची पट्टी दुसऱ्या कोणाच्या दंडाला बांधा, नाहीतर तुमच्या बाजूनं बोलायला कोणी राहणार नाही.

"बोलनारा हाये सर," उदयसिंग म्हणाला. "तुमी कायले काळजी करता?"

मरा मग, असं मनात म्हटलं आणि शिट्टी मारली.

तांड्याची पोरं खरंच एक अक्षर बोलली नाहीत. मला हवी ती शांतता मिळाली, आणि तीच डोक्यात जायला लागली. कारण निर्णय दिला की ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या डाव्या खांद्याच्या बाजूला बघायची आणि वाट बघत थांबायची.

सामना संपत आला तरी बरोबरीच होती. तेवढ्यात उदयसिंगच्या हाताला बॉल लागला. मला तरी तसंच दिसलं. मी त्यांच्याविरुद्ध पेनल्टी दिली.

"सर, छातीले लागला."

डाव्या कानाशी. अगदी अदबीनं.

वळलो. कोणी नव्हतं. कोण बोललं, म्हणून मी ओरडलो.

उदयसिंगनं मान हलवली. "आमी नाही बोललो सर. आमाले कुठं परवानगी हाये?"

"सर, छातीले लागला."

माझं टाळकंच सरकलं. एवढा नियम आणला, आणि पुन्हा तेच! पिवळं कार्ड काढलं आणि मोकळ्या हवेला दाखवलं. लोक हसले.

"छातीलेच लागला सर."

पुन्हा पिवळं. मग लाल. चल, बाहेर हो.

आता कोणी हसलं नाही.

दहाही माना हळूहळू वळत गेल्या, माझ्यापासून कडेच्या दोरीपर्यंत. तिथल्या एका म्हाताऱ्यानं दोरी वर उचलून धरली आणि वाट द्यायला बाजूला सरकला.

पेनल्टीवर गोल झाला. तांडा हरला. उदयसिंग गोलच्या खांबाला टेकून रडत राहिला. माझ्याशी कोणी भांडलं नाही.

दिवस मावळायच्या आत घरी जावं म्हणून मी मोटारसायकलकडे गेलो. बसलो, किक मारली. गाडी मागून दबली, डबलसीट घेतल्यासारखी.

"सर, सामना तं संपला," मागून आवाज आला. "आता बोलू?"