अठरा मीटरवर विझलेला टॉर्च

दुकानाचं शटर खाली होतं आणि त्यावर खडूने लिहिलं होतं, 'अर्ध्या तासात येतो'. अर्धा तास कधीपासूनचा, ते काही लिहिलेलं नव्हतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. धक्क्यापासून इथपर्यंत ती भर उन्हात पायी आली होती. अंगावर अजून सकाळच्या समुद्राचं मीठ, मोकळे ओले केस पाठीवर, आणि हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत एक मेलेला टॉर्च. त्याच्या काचेआड बोटभर पाणी हेलकावे खात होतं.

शेजारच्या पायरीवर एक माणूस संत्रं सोलत बसला होता. तिशीचा असेल. सालीची एकच लांब पट्टी निघावी म्हणून इतक्या जपून सोलत होता, की जगात दुसरं कामच नाही.

"हा दुकानदार कुठे उलथलाय?" तिने विचारलं.

"असेल इथेच कुठेतरी," तो म्हणाला. "का? काय झालं?"

कुणीतरी विचारायचाच अवकाश होता.

"डबीवर लिहिलंय शंभर मीटर. शंभर. मी नेला अठरावर. पाण्याखालच्या गुहेत, अगदी आत, हा विझला. ज्यांच्या हातात होता ते बँकेतून निवृत्त झालेले साहेब, एकसष्ट वर्षांचे, डायव्हिंग शिकायला आलेले. अंधार झाल्याबरोबर त्यांनी काय धरलं असेल? माझ्या तोंडातली हवेची नळी. धरली आणि ओढली."

त्याचं सोलणं थांबलं. "मग?"

"मग काय? मी इथे उभी आहे म्हणजे बाहेर आलोच ना. माझ्याजवळ दुसरी नळी असते, दुसरा टॉर्च असतो. पण साहेब वर आले ते थरथरत. तासभर बोलले नाहीत."

"पाण्यात उतरायच्या आधी पेटवून बघितला होता?"

"पेटवूनच उतरतो आम्ही. मला शिकवू नका."

"आणि झाकणाखालची रबराची कडी? ती पुसून, ग्रीस लावून..."

"तुम्हाला काय करायचंय हो?" ती कडाडली. "कुठूनतरी स्वस्तातला माल आणायचा, त्यावर शंभर मीटरचा शिक्का मारायचा, आणि इकडे माणूस मरायला टेकला की तिकडे शटरवर 'अर्ध्या तासात येतो'. असल्या माणसाला त्याचाच टॉर्च हातात देऊन त्या गुहेत सोडायला पाहिजे."

"मला पोहता येत नाही," तो म्हणाला. उठला, खिशातून किल्ली काढली आणि त्याने शटर वर केलं.

दुसऱ्या कुणाची मान खाली गेली असती. तिची आणखी वर झाली.

"म्हणजे पाण्याखालचे टॉर्च विकता, आणि पोहता येत नाही?"

"औषधवाला काय सगळी औषधं खाऊन बघतो?"

"मग तुम्ही तपासता कसे?"

त्याने कोपऱ्यातल्या निळ्या बादलीकडे बोट दाखवलं. "एकेक टॉर्च रात्रभर पाण्यात ठेवतो."

ती बादलीजवळ गेली, आत वाकून बघितलं. "ही किती मीटर खोल आहे?"

त्याने बादलीकडे बघून डोकं खाजवलं.

"हसू नका."

"हसत नाहीये... माझा चेहराच असा आहे."

दुकान एका खोलीचं, पण नीटनेटकं होतं. भिंतीवर खिळ्यांना रबराच्या कड्या मापामापाने टांगलेल्या, आणि काउंटरवर दिव्याखाली जाड भिंग. त्याने तिला स्टूल दिलं. ती बसली नाही. उभ्यानेच तिने उरलेलं सगळं सांगितलं.

डायव्हिंगची शाळा तिच्या आत्याची. पण गुहेची सफर तिची होती. दोन वर्षं खपून तिने ती वाट शोधली होती, आतपर्यंत दोरी बांधली होती, कुठल्या दगडावर हात ठेवायचा आणि कुठल्यावर नाही ते ठरवलं होतं. आता आत्याने गुहा बंद केली होती. आत्याचं म्हणणं एका वाक्याचं: टॉर्च का विझला ते गुरुवारपर्यंत मला लेखी आणून दे. दोष टॉर्चचा असेल तर टॉर्च बदलू. दोष हाताळण्यात असेल, तर टॉर्चमध्ये सेल तूच भरतेस, म्हणून गुहा दुसऱ्याकडे जाईल.

"आणि हाताळण्यात दोष नाहीये," ती म्हणाली. "मी रोज संध्याकाळी ओसरीवर बसून आठही टॉर्च स्वतः उघडते, सेल बदलते, बंद करते. स्वतः. कुणाला हात लावू देत नाही."

बोलता बोलता तिचा आवाज जरा चिरकला. तिने लगेच खाकरून तो जाग्यावर आणला.

त्याने टॉर्च उघडला. पाणी बशीत ओतलं. कडी काढली, भिंगाखाली धरली आणि बराच वेळ बघत राहिला. मग एकदा तिच्याकडे बघितलं.

"चूक आमची," तो म्हणाला. "कडी चिरलेली आहे. लिहून देतो."

त्याने लिहून दिलं, खाली सही केली, शिक्का मारला. आठही टॉर्च बदलून देतो म्हणाला. ती चार मुद्दे मनात तयार ठेवून आली होती, ते सगळे तसेच राहिले. जिंकून बाहेर पडताना तिला उगाच वाटलं... जरा भांडायला हवं होतं यानं.

तरी तिने राग वाया जाऊ दिला नाही. किनाऱ्यावरच्या आणखी तीन शाळांमध्ये जाऊन त्याच संध्याकाळी सांगून टाकलं, की त्या दुकानातून काही घेऊ नका.

आत्याने कागद वाचला, चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "ठीक. पण नवे टॉर्च खोल पाण्यात तपासल्याशिवाय आत जाणार नाहीत. बादलीबिदली मला सांगायची नाही."

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी तिने त्याला धक्क्यावर बोलावलं. मीटरमीटरवर गाठी मारलेली दोरी, टोकाला जाळीची पिशवी, पिशवीत एक दगड आणि आठ पेटलेले टॉर्च. वीस मीटर खाली सोडायचे, अर्धा तास ठेवायचे, वर काढून उघडून बघायचे.

तो धक्क्याच्या बरोबर मधोमध मांडी घालून बसला, दोन्ही कडांपासून सारखाच लांब.

"इकडे या. तुमचा माल कसा दिसतो ते तरी बघा."

"इथून दिसतोय."

"इथून तुम्हाला फक्त मी दिसतेय."

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते कळून दोरीच्या गाठी बघायला लागला.

शेवटी तो कडेपर्यंत आला, ओणवा, खांबाला घट्ट धरून. आठ उजेड हिरव्या पाण्यात उतरत होते, एकमेकांना धरून, हळूहळू फिके होत.

"असे दिसतात होय..." तो म्हणाला. एवढंच. पाच वर्षं ज्या वस्तू विकल्या त्या पहिल्यांदा भेटल्यासारखा तो बघत राहिला. आणि ती त्याच्याकडे.

"किती मीटर झाले?" त्याने विचारलं.

"चौदा."

"सोळा झालेत. तुमचं लक्ष कुठे आहे?"

"दोरीत," ती रागाने म्हणाली.

टॉर्च वर आले. आठही कोरडे. उघडून नवे सेल भरायला ती बसली तसा तो म्हणाला, "केस बांधा आधी."

"माझ्या केसांकडे लक्ष आहे तुमचं?"

"आहे," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

बुधवारी आठ टॉर्च पुन्हा खाली गेले, पुन्हा कोरडे वर आले. पुन्हा तो म्हणाला, "केस बांधा." तिने नाही बांधले. मुद्दाम. वारा होता, केस सारखे तोंडावर येत होते, आणि ते मागे सारताना तो चोरून बघतो हे तिला माहीत होतं.

तिने तिसऱ्या टॉर्चवर झाकण ठेवलं. ते पिळणार इतक्यात त्याने टॉर्च तिच्या हातातून अलगद घेतला, कडी उजेडाकडे धरली, नखाने तिच्यावरून काहीतरी उचललं आणि वाऱ्यावर सोडलं. एक लांब केस. न बोलता, डासाला हाकलावं इतक्या सहज, त्याने कडी पुसून परत बसवली.

ती त्या हाताकडे बघत राहिली.

"सोमवारी," ती हळू म्हणाली, "भिंगाखाली काय दिसलं होतं तुम्हाला?"

"सांगितलं ना. कडी चिरलेली..."

"खरं सांगा."

तो पाण्याकडे बघत राहिला. "केस. कडीवरून आडवा गेलेला. बादलीत एवढ्याने काही होत नाही. अठरा मीटरचा दाब आला, की त्याच्या कडेने पाणी आत शिरतं."

म्हणजे रोज संध्याकाळी ओसरीवर केस वाळवत, टॉर्च मांडीत घेऊन... तिच्या डोळ्यांपुढे ते सगळं उभं राहिलं. साहेबांचे फाटलेले डोळे, ओढलेली नळी. मग राग आला. असा राग सोमवारीसुद्धा आला नव्हता.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं माझ्या चुकीवर सही करायला?"

"तुम्ही म्हणालात, दोष तुमचा निघाला तर गुहा जाईल..."

"मी कारण मागायला आले होते. दया मागायला नाही. उद्या असाच केस दुसऱ्या टॉर्चमध्ये गेला असता, आत कुणाची तरी आई असती, तर? तेव्हाही शिक्का मारला असतास?"

ती 'तू'वर आली होती. दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"म्हणून तर रोज सांगत होतो, केस बांधा," तो म्हणाला.

"का बांधा, ते नाही सांगितलंस. मला वाटलं..." काय वाटलं ते तिने गिळलं. "आणि मी तिन्ही शाळांत तुझ्या नावाने बोंब मारून आले. तिथून काही आलं?"

"दोघांनी माल परत पाठवला."

"आणि तू गप्प बसलास."

"सहन होण्यासारखं होतं."

"मला होत नाहीये," ती म्हणाली. "ऊठ."

आत्या हवेच्या टाक्यांच्या खोलीत डायव्हिंगचे सूट गोड्या पाण्यात बुचकळत होती. तिने आत्यासमोर तोच सहीचा कागद ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं. केस, ओसरी, रोजची सवय, काहीच वगळलं नाही. तिन्ही शाळांत उद्या सकाळी स्वतः जाऊन सांगते म्हणाली.

आत्याने हात पुसले. कागद दोनदा वाचला. मग दारात अवघडून उभ्या असलेल्या त्याच्याकडे वळली. "लेखी खोटं दिलंस. का?"

"त्या..." तो म्हणाला, "त्या दिवशी यांना रडू येत होतं आणि त्या ते रागाने झाकत होत्या. मला ते बघवलं नाही."

"पहिल्याच दिवशी?"

"पहिल्याच... हो."

"याला काय म्हणतात माहीत आहे ना?"

"आता माहीत आहे," तो म्हणाला. "माझं प्रेम बसलंय त्यांच्यावर."

"हे मला सांगायचं सोडून आत्याला सांगतोस?" ती म्हणाली.

"दोघंही गप्प बसा," आत्या म्हणाली. "तुझ्या सहीवर मी माणसं आत सोडणार होते, हे विसरू नकोस." तो मान खाली घालून उभा राहिला. आत्या तिच्याकडे वळली. आत्याचा आवाज मऊ झाला होता, लाडाचं नाव तोंडात आलं. "मासोळी, तू स्वतः येऊन सांगितलंस, ते बरं केलंस. पण हा हंगाम गुहा तुझ्याकडे नाही. दोरी तू बांधलीस हे मला माहीत आहे. तरी नाही."

"कळलं," ती म्हणाली, आणि बाहेर पडली.

बाहेरच्या पायऱ्यांवर ऊन कलतं झालं होतं. ती सर्वांत वरच्या पायरीवर बसली. तो आला आणि दोन पायऱ्या खाली बसला. आता हा म्हणेल, जाऊ दे, एवढासा केस तो. म्हणेल, कडीही जरा सैलच होती. असलं काही म्हणाला असता तर ती उठून गेली असती, ती कायमची.

त्याने पायरीवरची वाळू हाताने बाजूला सारली. मग म्हणाला, "चूक मोठी होती. तुमचीही, माझीही."

"हो," ती म्हणाली, आणि रडायला लागली. खाकरली नाही, तोंड फिरवलं नाही. दोन वर्षांची गुहा गेली होती आणि ती तिच्याच हाताने गेली होती. ते रडणं झाकायला आता राग पुरत नव्हता. त्याने तिला गप्प करायचा प्रयत्न केला नाही. नुसता बसून राहिला.

बाहीने डोळे पुसत ती म्हणाली, "आता मला सांग. आत नुसतं आत्याला सांगितलंस."

"तुम्ही... तू..." तो अडखळला. "तू आवडतेस मला. रागावतेस तेव्हा तर फारच. रडतेस तेव्हा अजून बघवत नाही. पण... बसून राहता येईल, असं वाटतंय."

तिने त्याच्याकडे बघितलं. तो खरोखर हसत नव्हता. चेहराच तसा होता.

"मग बस," ती म्हणाली, आणि दोन पायऱ्या खाली सरकली.