डोळ्यातली छत्री

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. दूध घेताना माप दोनदा बघते आणि रिक्षावाल्याने सांगितलेला रस्ता पुढच्या नाक्यावर पुन्हा विचारते. घरचे हसतात. पण फोटोच्या धंद्यात ही खोड उपयोगी पडते. प्रत्येक फोटो मी पडद्यावर मोठा करून डोळ्यांपर्यंत बघते, कारण माणसाचे डोळे नीट आले नाहीत तर बाकी सगळं फुकट. एकदाच मी ते केलं नाही, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

२०१७ साल. भाताची कापणी उरकत आली होती. डहाणूतल्या माझ्या स्टुडिओत कोसबाडच्या पलीकडच्या एका पाड्यावरून धाकल्या नावाचा तिशीच्या आतला माणूस आला. त्याला भावाचा फोटो हवा होता, फ्रेम करून, हार घालायला. भाऊ लडक्या गुजरातच्या एका बोटीवर खलाशी होता. होळीच्या आधी समुद्रात पडला, तो सापडलाच नाही.

"जुना फोटो आणलाय?" मी विचारलं.

"एक पण नाय. आधार कार्ड, मोबाईल, सगळा त्याच्याच खिशात गेला. आई बोलली, तुझाच काढ. आम्ही सारखे दिसतो. मी त्याचा शर्ट घालून बसतो."

एकाचा फोटो दुसऱ्याच्या नावावर काढायचा, हे मला पटेना.

"तुम्ही होतात त्या बोटीवर?"

"होतो ना. मी हात दिला होता त्याला. सुटला."

हाताबद्दल मी विचारलंच नव्हतं.

आईला चालवत नव्हतं आणि फोटो तिच्या डोळ्यांदेखत काढायचा होता, म्हणून मीच जायचं ठरलं. सोबत माझा हातभर उंचीचाही नसलेला, सेलवर चालणारा छोटा फ्लॅश, एक स्टँड आणि पांढरी छत्री. हे छोटे फ्लॅश मोठे लबाड असतात. कॅमेऱ्याचं भोक बारीक केलं आणि वेग वाढवला, की सावलीतली भर दुपारसुद्धा फोटोत काळीकुट्ट होते. फ्लॅशचा उजेड ज्याला शिवेल तेवढंच उरतं, बाकी सगळी रात्र. मागे ना झोपडी दिसते ना झाड, स्टुडिओत काढल्यासारखा फोटो येतो.

दुपारी तीनला पोचले. आंब्याच्या दाट सावलीत खुर्ची मांडली. डाव्या हाताला स्टँडवर फ्लॅश लावला, त्यावर छत्री उघडली. वारा होता, म्हणून स्टँडच्या पायाला पाण्याने भरलेला कॅन बांधला. असं केलं की छत्री धरायला माणूस लागत नाही.

लडक्याची आई रखमी बाजेवर बसली होती. त्याची बायको सोमी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्या गळ्यात काळी पोत अजून तशीच होती. ती हळूच माझ्याजवळ आली.

"बाय, फोटूला हार पडला का तो मेला ना?"

रखमीनेच उत्तर दिलं. "मेलाच तो. आता हार पडला का तुला धाकल्याची बायको म्हणून त्याच्या घरात बसवू. एकटी कशी राहशील?"

"कोणी बघितला त्याला मेलेला?" सोमी म्हणाली.

"मी बघितला बुडताना," धाकल्या शर्टाची बटणं लावत म्हणाला. "हात दिला होता मी."

दुसऱ्यांदा. मी मनात नोंद केली. तांबड्या चौकड्यांचा तो शर्ट त्याला खांद्यात जरा सैल होता. सोमी शर्टाकडेच बघत होती, आणि मला त्या पोरीची फार दया आली. नवरा जिवंत म्हणावा तर येत नाही, मेला म्हणावा तर दाखवायला काही नाही. आणि त्या एका फोटोवर तिचं पुढचं सगळं आयुष्य ठरणार होतं.

कामाला लागण्याआधी मी फ्लॅश बंद ठेवून एक कोरा फोटो काढते. तो पूर्ण काळा आला पाहिजे, म्हणजे बाहेरचा उजेड फोटोत शिरत नाही याची खात्री होते. फ्लॅशचे सेल अजून माझ्या पिशवीतच होते. मी डोळा कॅमेऱ्याला लावला. आजूबाजूला सुक्या पेंढ्याचा वास होता... त्यात मध्येच ओल्या जाळ्यांचा वास आला. समुद्र तिथून कोसभर तरी लांब. आणि मग बारीक शीळ ऐकू आली. फ्लॅश उजेड भरून घेताना वाजतो ना, तशी.

मी बटण दाबलं.

फोटो काळा आला नव्हता. त्यात चेहरा होता. उजेड उजवीकडून, वरून पडलेला, आणि उजवीकडे तर माझं काहीच नव्हतं. केस कपाळाला चिकटलेले, तोंड अर्धवट उघडं. खुर्चीवर धाकल्या तोंड मिटून, कोरडा ठणठणीत बसला होता.

मी स्टँडपाशी जाऊन फ्लॅशचं झाकण उघडलं. आत सेल नव्हते. सोमी माझ्या मागून कॅमेऱ्याच्या पडद्यात बघत होती. तिने चेहऱ्याच्या भुवईवर बोट ठेवलं.

"ही खाच..." ती पुटपुटली. "विळा लागला होता त्याला. आमच्या लग्नाच्या वर्षी. धाकल्याला नाय ही."

"काय आला?" धाकल्याने खुर्चीवरून विचारलं.

"काही नाही. कोरा आहे," मी म्हणाले.

सोमीने माझं मनगट दाबलं. "हा मला वेगळा काढून द्या. कोणाला सांगू नका."

मग सेल घालून मी धाकल्याचे बारा फोटो काढले. एकही नीट न बघता सामान आवरलं आणि निघाले.

त्या संध्याकाळी स्टुडिओचं शटर अर्धं ओढून मी फक्त तो कोरा फोटो कॉम्प्युटरवर उघडला. माणसाच्या डोळ्यात नेहमी उजेडाचा एक ठिपका असतो. समोर छत्री असेल तर छत्री दिसते, खिडकी असेल तर खिडकी, आणि उजेड धरून कोणी उभं असेल तर तोही. मी डोळा मोठा केला. गोल उजेड होता, बॅटरीचा. त्यामागे बोटीचा कठडा आणि कठड्यावरून वाकलेला माणूस. चेहरा एवढासा, पण मी तोच चेहरा त्या दुपारी बारा वेळा टिपला होता. एका हातात बॅटरी होती.

दुसरा हात त्याने पाठीमागे घेतला होता.

बाजाराच्या दिवशी सोमी एकटीच आली. सांगावं की नाही याचा मी रात्रभर विचार केला होता, पण ती समोर बसल्यावर लपवणं मला जमलं नाही. डोळ्याची मोठी प्रत तिच्या हातात दिली. तिने ती दाराच्या उजेडाकडे धरली.

"हात दिला बोलत होता..." एवढंच म्हणाली. मग तिने गळ्यातली पोत स्वतःच काढली, फोटोत गुंडाळली आणि पदराला बांधली. तिथूनच ती एसटी धरून तलासरीकडे आपल्या माहेरी गेली. धाकल्याच्या घरात ती बसली नाही. धाकल्या फ्रेम न्यायला आला नाही आणि मीही ते बारा फोटो पुन्हा उघडले नाहीत.

पुढच्या वैशाखात सोमी पुन्हा आली.

"धाकल्या गेला, बाय."

"कधी?"

"चार दिवस झाले. खाडीत. ओहोटी होती, दुपारची वेळ. पाणी गुडघाभर. कालवं काढणाऱ्या बायांनी बघितला. कोणाचा हात धरायला जावा तसा हात पुढं करून जात होता... मग खाली बसला. उठलाच नाय." मग म्हणाली, "मयताला गेले होते, सासूने धाडलंय. त्याचे फोटू तुमच्याकडं आहेत ना? फ्रेम पाहिजे."

भावाच्या नावाने काढलेले फोटो आता धाकल्याच्याच हारासाठी लागणार होते. मी पहिला फोटो उघडला आणि खोडीप्रमाणे डोळा मोठा केला.

छत्री होती. पण स्टँड नव्हता, पाण्याचा कॅनही नव्हता. छत्री एका माणसाने धरली होती. तो अंगाने उघडा होता, केस कपाळाला चिकटलेले, आणि दुसरा हात त्याने खुर्चीच्या दिशेने पुढे केला होता.

मी दुसरा फोटो उघडला, मग तिसरा. प्रत्येक फोटोत तो हात थोडा जवळ आलेला. मला थांबायचं होतं, पण बोट पुढचं बटण दाबत राहिलं.

बाराव्या फोटोत छत्री दिसत नव्हती. डोळाभर फक्त उघडा, ओला तळवा होता.