मागून आलेली मोजणी

मे १९७९. संध्याकाळी पावणेसात वाजता मुळशी धरणाच्या काठावर हवालदार रफीक मुलाणी याने आपल्या पाच जवानांना रात्रीच्या गस्तीचे आदेश दिले.

पुढे घडलं ते खरं आहे. रफीक आणि त्याचा जवान कोंडिबा, दोघांनी ते वेगवेगळं सांगितलं. दोघांचं जिथे जुळलं, तेवढंच इथे आहे.

लढाई नव्हती, सराव होता. पलटण आठवडाभर मुळशीच्या डोंगरात मुक्कामाला होती. रफीकच्या तुकडीने अंधारात पाण्याच्या कडेने जायचं, पलीकडच्या टेकडीवर 'शत्रू' कुठे बसलाय ते हेरायचं आणि उजाडायच्या आत परतायचं, एवढंच काम.

पण त्या वर्षी पाणी फार खाली गेलं होतं.

धरणात बुडालेल्या गावाची जोती उघडी पडली होती. वाट त्यांच्यामधूनच जात होती.

आदेश देण्याची फौजेची एक रीत आहे. आधी समोरच्या मुलखाचा नमुना जमिनीवर मांडायचा. रफीकने मातीच्या टेकड्या केल्या, पाण्याच्या जागी निळा रुमाल अंथरला, बुडालेल्या गावातल्या देवळाच्या जागी दगड ठेवला, वाट दाखवायला चुलीतल्या राखेची रेघ ओढली. ज्या क्रमाने चालायचं त्याच क्रमाने जवान भोवती गुडघ्यावर बसले. मग शत्रूची खबर, तुकडीचं काम, प्रत्येकाचं काम. आणि शेवटी प्रत्येकाने आपलं काम स्वतःच्या तोंडाने परत सांगायचं.

"कोंडिबा, अंधारात मोजणी कशी?"

"शेवटचा गडी पुढच्याच्या खांद्यावर थाप मारणार अन् म्हणणार, एक. तो त्याच्या पुढच्याला, दोन. तुमच्यापातुर पाच आले की सगळे हायेत, उस्ताद."

"अन् चारच आले तर?"

"तर एकजण बुडालेल्या गावात जेवायला थांबला म्हणायचं."

सगळे हसले. शेवटचा गडी वाल्मीक तेवढा हसला नाही.

वाल्मीक नेऱ्याचा. विधवा रत्नाबाईचा एकुलता एक मुलगा. तो पहिल्यांदा पलटणीत निघाला, तेव्हा एसटी स्टँडवर रत्नाबाईने त्याच्यासोबत निघालेल्या रफीकला गाठलं होतं. "मुलाणीदादा, ह्यो तुमच्या पदरात घातला. जसा नेताय तसा आणून द्या."

"आणतो," रफीक म्हणाला होता.

"वाल्मीक, तुझं काम?"

"निघायच्या आधी नमुना मोडायचा. चालताना सगळ्यात मागं. मोजणी मी सुरू करणार."

"कोई शक?"

"न्हाई उस्ताद."

जवान बाटल्या भरायला गेले. रफीक सुभेदारसाहेबांना कळवायला गेला.

नमुन्यापाशी वाल्मीक एकटाच उरला...

अंधार पडला आणि गस्त निघाली.

चांदणं नव्हतं. बोलायचं नाही, विडी पेटवायची नाही, मागे बघायचं नाही. पुढच्याने नजर पुढेच ठेवायची आणि मागच्यांसाठी मोजणीवर भरवसा ठेवायचा, हेच शिकवलेलं.

पहिल्या जोत्यापाशी रफीकने मोजणी मागितली. मागून थापा सरकत आल्या.

"पाच."

देवळाच्या चौथऱ्यापाशी पुन्हा.

"पाच."

तुकडी टेकडीखाली पोचली. शत्रूची जागा सापडली. कोणाला चाहूल लागली नाही. काम फत्ते झालं, म्हणून रफीक खूश होता.

परतताना ते पुन्हा बुडालेल्या गावात शिरले.

सगळीकडे बेडकं ओरडत होती.

आणि मग... एकदम थांबली.

मागे आवाज झाला. मोठा नव्हता. काठावरचं ढेकूळ खोल पाण्यात पडावं, तेवढाच.

रफीक जागीच उभा राहिला. मोजणी मागितली.

थाप आली.

"चार."

"पुन्हा घे."

"चार, उस्ताद."

सरावाचा नियम मोडून रफीकने बॅटरी पेटवली. कोंडिबाच्या मागे कोणी नव्हतं.

ते आलेल्या वाटेने धावले. फार लांब जावं लागलं नाही. वाटेच्या मधोमध एक भोक पडलं होतं. जुनी विहीर. गाळ वाळून तिच्या तोंडावर पापडी धरली होती, आणि जाता-येता सगळे त्या पापडीवरूनच चालले होते.

आता ती फुटली होती.

खाली काळं पाणी... अजून हलत होतं.

"वाल्मीक!"

हाक खाली गेली, वर आली. दुसरं काही आलं नाही.

रफीकने कमरेला दोर बांधला आणि तो खाली उतरला. पाणी छातीपर्यंत. पायाने, हाताने त्याने तळ चाचपला. गाळ. दगड. पुन्हा गाळ. बूट नाही, रायफल नाही, माणूस नाही.

"उस्ताद, वर या!" कोंडिबा ओरडला. "कड सुटतीया!"

"आई विचारंल त्याची."

"तुमी बी गेलात तर तिला सांगायला तरी कोण ऱ्हाईल?"

चौघांनी त्याला ओढून वर काढलं.

पूर्वेला फटफटलं, तसे ते छावणीकडे निघाले. रफीक मनातल्या मनात वाक्य जुळवत होता. एक जवान कमी. सुभेदारसाहेबांना एवढं सांगता आलं असतं. रत्नाबाईला काय सांगायचं, ते जुळत नव्हतं.

तंबूंच्या अलीकडे नमुन्याची जागा आली.

आणि तिथे...

वाल्मीक बसला होता.

काल संध्याकाळी बसला होता तिथेच, गुडघ्यावर, रायफल मांडीवर आडवी. नमुना मोडलेला नव्हता. रफीकला बघून तो उठला, पण पाय आखडले होते. धडपडला.

रफीकने आधी त्याला चाचपून बघितलं. कपडे कोरडे होते.

"तू हितं कसा?"

"तुमीच तर सांगितलं, उस्ताद."

"काय सांगितलं?"

"सायबांकडून परत आलात, मागं उभं ऱ्हाऊन आदेश बदललात. म्हणालात, मागनं मी चालतो. तू हितंच थांब. नमुना मोडू नगंस. मग विचारलंत, कोई शक? मी म्हणालो, न्हाई."

रफीक साहेबांकडून थेट गस्तीच्या रांगेत गेला होता. नमुन्यापाशी तो परत आलाच नव्हता.

"माझं तोंड बघितलंस?"

वाल्मीक घुटमळला. "आवाज तुमचाच व्हता. खांद्यावर हात ठेवलात, अन् म्हणालात, वळू नगंस."

कोंडिबाचा हात आपल्या खांद्यावर गेला. दोन वेळा मागून त्याच्या खांद्यावर थाप पडली होती. दोन वेळा कानाशी "एक" आलं होतं.

"कुणाचा आवाज व्हता रं?" रफीकने विचारलं.

"वाल्मीकचाच की. हात तेवढा जड लागला."

रफीक नमुन्यावर वाकला. राखेच्या वाटेवर, देवळाच्या दगडाच्या थोडं पुढे, विहिरीच्याच जागी... बोटाने केलेला एक खळगा होता. त्याने तो केला नव्हता. वाल्मीक आईची शपथ घेऊन सांगत होता, त्याने हात लावला नव्हता.

आजूबाजूची माती वाळून फुफाटा झाली होती. खळग्यात पाणी होतं.

रफीकने सुभेदारसाहेबांना कळवलं, पाचही जवान हजर. ते खोटं नव्हतं.

वाल्मीक पुढे सुट्टीवर गेला, तेव्हा रफीक स्वतः नेऱ्यापर्यंत सोबत गेला. रत्नाबाईने मुलाला ओवाळलं आणि रफीकला विचारलं, "मागं मागं काय बघताय, दादा? कुणी यायचंय का अजून?"



१९८७च्या उन्हाळ्यात पाणी पुन्हा तेवढंच खाली गेलं. गुरं पडू नयेत म्हणून काठच्या गावकऱ्यांनी ती विहीर बुजवायला घेतली. बुजवण्याआधी रफीकच्या सांगण्यावरून तळापर्यंत उपसली. निवृत्त झालेला रफीक आणि त्याच्यासारखाच घरी बसलेला कोंडिबा दिवसभर काठावर उभे होते.

दगड निघाले. एक फुटका रांजण निघाला. हाड नाही, चिंधी नाही.

"काय हुडकताय, हवालदार?" काम बघणारे हैबतराव म्हणाले. "हिच्यात कुणी पडलंच न्हाई."

दुपार कलली, तसे दोघं परत निघाले. जोत्यांमधली वाट अरुंद. पुढे रफीक, मागे कोंडिबा. बाकी कोणी नाही. ऊन लख्ख होतं.

देवळाच्या चौथऱ्यापाशी कोंडिबाची पावलं थांबली...

रफीकही थांबला. वळला मात्र नाही.

मग त्याच्या खांद्यावर थाप पडली. हात कोंडिबाचाच होता. शेवटचा गडी तोच. मोजणी त्याच्यापासून, एकने सुरू व्हायची.

"दोन," कोंडिबा म्हणाला.