सतरा नंबरची भिंत

प्रयोगशाळेत पन्नास वेळा तापलेली भिंत छावणीत एकदाही तापेना, तेव्हा डॉ. मृण्मयी खांडेपारकरचं डोकं मात्र चांगलंच तापलं.

सीमेपलीकडच्या लढाईतून पळून आलेल्यांसाठी मदत-मोहिमेने ओरून पठारावर साठ घरकुलं उभारली होती. बाहेर उणे वीस तापमान. त्यांच्या उष्णता साठवणाऱ्या सुप्तोष्ण भिंती मृण्मयीने बनवलेल्या.

"साध्या भाषेत सांग," सुरक्षाप्रमुख हुपरीकर म्हणाला.

"भिंतीच्या पोकळीत क्षार आहे. उन्हाने वितळताना तो उष्णता साठवतो. मग कितीही गार झाला तरी गोठत नाही, हे अतिशीतन. एक टणक ठोका बसला, की पहिला स्फटिक धरतो. मग सगळा क्षार गोठतो आणि साठवलेली उष्णता रात्रभर बाहेर टाकतो."

"मग मार की बुक्की!"

"बुक्कीने होत नाही. ट्रकच्या हादऱ्याने वाया जाऊ नये म्हणून मीच त्याला निबर केलाय. हातोडा हवा, नाहीतर दगड."

"इथल्या गावाने छावणीला जागा कुठल्या अटीवर दिली, विसरलीस? आत लोखंड नाही, दगड नाही. जमीनसुद्धा चाळून घेतलीये. कुणाच्याही हातात दगड दिसला, अगदी तुझ्यासुद्धा, तर छावणी त्याच दिवशी बंद. मनोऱ्यावरचे पहारेकरी गावचेच आहेत."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा! मृण्मयीला स्वतःचाच संताप आला.

सतरा नंबरात सेल्मा आठ दिवसांच्या लेकीला पोटाशी धरून बसली होती. मुलगी आता रडतही नव्हती. आजची रात्र उबेशिवाय निघणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मृण्मयीने भिंतीचं सारं गणित सेल्माला समजावलं. ऐकता ऐकता तिने तळहाताने भिंत चाचपून पाहिली.

दुपार कलली तसे गावकरी कुंपणाशी जमले. "आयतोबांनो! चालते व्हा इथून!"

पहिला दगड बारा नंबरच्या भिंतीवर ठाणकन आदळला. भिंत तडतडली, दुधाळ झाली आणि छपरावरचं बर्फ वितळून ओघळू लागलं. मग नऊ नंबर, मग पंधरा. घाबरून बाहेर पळालेली माणसं परत येऊन भिंतींना पाठी लावून उभी राहिली.

दगड मारून मारून गर्दी थकली, माघारी वळली. सतरा नंबर गारच होतं. लेकीला घेऊन बाहेर आलेली सेल्मा पायाशी पडलेल्या दगडाकडे वाकली. मनोऱ्यावरची बंदूक वळली.

"हात लावू नकोस!" मृण्मयी किंचाळली.

सेल्माने लेक मृण्मयीच्या हाती दिली आणि आपल्या भिंतीपुढे जाऊन गावच्याच भाषेत ओरडली, "भेकडांनो! बायकापोरांवर दगड टाकता, तेही नेम चुकवून! हे घर माझं. पाडा बघू!"

गर्दी पुन्हा कुंपणाशी आली. पहिला दगड तिच्या कपाळाला लागला, दुसरा खांद्याला. ती हलली नाही. आपण हललो तर ते थांबतील, हे तिने ओळखलं होतं. तिसरा दगड भिंतीवर बसला.

"तापली?" मागे न बघता तिने विचारलं.

"तापली गं! आत ये आता!"

"थांब. अठरा नंबर अजून गार आहे," सेल्मा म्हणाली आणि डोळ्यांवरचं रक्त पुसत शेजारच्या भिंतीपुढे जाऊन उभी राहिली.