लाल खुणेचा नळ

ठकुबाईचं विमान उद्या संध्याकाळचं होतं, आणि त्याआधी कुणीतरी तिचं खरं मानायला हवं होतं.

"बारा वर्षं या देशात दुसऱ्यांची पोरं सांभाळली, आपा. आता मराठी मंडळाच्या पाचही पंचांनी ठरवलं, की मी सांभाळते तो विघू माझ्यामुळे भाजला. ग्रुपवरसुद्धा टाकलंय. यापुढे कोण माझ्या हातात पोर देणार?"

हुमेरा पारकरने विमा कंपनीत वीस वर्षं खोटे क्लेम पकडले होते. आता ती दुबईजवळ उम्म अल कुवैनला राहून लोकांच्या भानगडी निस्तरते. समाधान हा एसीची आणि नळांची कामं घेणारा कंत्राटदार. तो तिची गाडी चालवतो आणि फुकटचे सल्ले देतो. आज मात्र त्याची वाचा बसली होती, कारण पाच पंचांतला एक तोच होता.

"हात धुऊन येतो," म्हणत तो स्वयंपाकघरात गेला. सवयीने लाल खुणेचा नळ उघडून त्याने स्वच्छ असलेले हात बराच वेळ धुतले.

"गुरुवारी दुपारी नक्की काय झालं?" हुमेराने विचारलं.

"मी भाजी चिरत होते. विघू किंचाळला म्हणून धावले. बाथरूममध्ये तो आजीबाईंच्या हातात होता. मी घेतला आणि त्याचे पाय नळाखाली धरले. आजीबाई म्हणतात, त्या देवाजवळ होत्या."

"हे पंचांना सांगितलंस?"

"सांगू कुठे दिलं? विघूचे वडील देवदत्तसाहेब म्हणाले, फक्त हो किंवा नाही. लाल नळ तू उघडलास? हो. पोर तुझ्या हातात होतं? हो. खलास."

गाडीत समाधानचं तोंड एवढंसं झालं होतं.

"देवदत्तचा धंदाच तो आहे, आपा. अमेरिकेत खटल्याला साधी माणसं न्याय द्यायला बसवतात ना, ज्युरी, त्यांना काय दाखवलं की पटतं, हे तो वकिलांना शिकवतो. दुबईत ऑफिस आहे."

"तुम्हाला काय दाखवलं?"

समाधानने फोन पुढे केला. आधी दहा महिन्यांच्या विघूच्या पायांवरचे फोड. मग बाथरूम. लाल खुणेचा नळ धो धो वाहत होता, बाजूला गीझरचं बटण आणि पिवळा टॉवेल. हुमेराने दुसरा फोटो मोठा करून पाहिला.

"हे पाहून मतं घेतली," समाधान म्हणाला. "पंचांतल्या अण्णासाहेबांनी आधी हात वर केला. मग एकेकाने. माझा शेवटचा."

"तुला पटलं होतं?"

"चार हात वर असताना पाचवा खाली ठेवायला छाती लागते, आपा. माझ्याकडे नव्हती."

देवदत्तच्या घरी दार त्याच्या बायकोने, शर्वाणीने उघडलं. विघू तिच्या कडेवर होता, दोन्ही पायांना पट्ट्या.

"मी ऑफिसात होते. देवदत्तचा कॉल आला तशी निघाले," ती म्हणाली. "सासूबाई भारतातून येऊन चारच दिवस झालेत. त्यांच्यावर कसा संशय घेऊ?"

"नळात, गीझरमध्ये काही बिघाड?"

"नाही हो. गीझर तर मे महिन्यापासून बंदच आहे."

समाधान भिंतीवरचं घड्याळ बघत होता.

देवदत्तची आई, आशाताई, सोफ्याच्या टोकाला बसल्या होत्या. उजवा हात बोटांपासून मनगटापर्यंत लालबुंद, वर मलम.

"निरांजनाचा चटका बसला," त्यांनी न विचारताच सांगितलं आणि हात पदराखाली घेतला.

देवदत्त आतून आला. "मी कॉलवर होतो. ओरडा ऐकून आलो, तेव्हा विघू ठकुबाईकडे होता. फोटो मीच काढला, लगेच. एव्हिडन्स नको का?"

"हवाच," हुमेरा म्हणाली. "सहा वाजता पंचांना इथेच बोलवा. ठकुबाईलाही."

सहाला सगळे जमले. ठकुबाई दाराशीच उभी राहिली.

"अण्णासाहेब," हुमेरा म्हणाली, "बाथरूममध्ये जाऊन लाल नळाखाली हात धरा."

ते ओला हात घेऊन परत आले. "गार आहे की."

"आता निळ्याखाली."

"नको," समाधान ताडकन उठला. "ऑगस्ट आहे, अण्णासाहेब. हात भाजेल." आणि मग स्वतःच काय बोललो ते ऐकून तो मटकन खाली बसला.

"उशिरा का होईना, पेटला तुझा दिवा," हुमेरा म्हणाली. "निळ्या नळाला गच्चीवरच्या टाकीचं पाणी येतं, दिवसभर उन्हात उकळलेलं. लाल नळाला येतं बंद गीझरमधलं, घरातल्या एसीत निवलेलं. म्हणून उन्हाळ्यात आपण सगळे लाल नळ वापरतो. फोटोतही गीझरच्या बटणाचा दिवा विझलेला आहे. आज दुपारी समाधानने माझ्याकडे लाल नळानेच हात धुतले. पण पोराचे फोड दाखवून लगेच लाल खूण दाखवली, की रोजचं माहीत असलेलंही डोक्यातून जातं. ठकुबाई त्याला भाजत नव्हती, त्याचे पाय निववत होती."

कुणाची मान वर होईना.

"निळा नळ कुणी सोडला? ज्याला इथला उन्हाळा माहीत नाही, त्याने. निरांजनाचा चटका बोटाला बसतो, आशाताई. मनगटापर्यंत सगळा हात पाण्याने भाजतो." ती देवदत्तकडे वळली. "आणि पोर किंचाळत असताना बापाला नळाचा फोटो सुचला. का सुचला?"



"पाण्याला हात लावून पाहिला होता मी," देवदत्त म्हणाला. "गार होतं. तेव्हाच सगळं कळलं. शर्वाणीने आईला परत विघूला हात लावू दिला नसता. वाटलं, बाई काय, दुसरीही मिळेल."

शर्वाणी त्याच्याकडे पाहतच राहिली. विघूला घट्ट धरून ती दोन पावलं मागे सरकली.

"मला नातवाला एकदा माझ्या हाताने न्हाऊ घालायचं होतं," आशाताई म्हणाल्या. "त्या दिवसापासून अन्न जात नाही मला. तरी गप्प बसले."

"पंचांनो, परत मत घेऊ," हुमेरा म्हणाली. "दोषी कोण?"

आशाताईंनी भाजलेला हात वर केला. पाठोपाठ समाधानचा गेला, या वेळी कुणाकडेही न बघता. मग देवदत्तचा. मग अण्णासाहेबांचा आणि उरलेल्या तिघांचा. ठकुबाईला दोषी ठरवलं तेव्हाही एवढे हात वर नव्हते.

"आत्ताच ग्रुपवर लिहितो," अण्णासाहेब म्हणाले. "आमची चूक झाली असं, सगळ्यांच्या नावानिशी."

"तिकीट रद्द करते मी," शर्वाणी म्हणाली. "ठकुबाई, राहाल ना?"

"या देशात राहीन. या घरात नाही."

ती आत आली. विघूने तिला पाहून दोन्ही हात पसरले. ठकुबाईने आपले हात पदराला पुसले, शर्वाणीकडे पाहिलं आणि विचारलं, "घेऊ?"

शर्वाणीने पोर पुढे केलं.